ऑस्ट्रेलियातील अ‍ॅबोरिजिनल मिशन, बालगृहे आणि हिरावलेली मुले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले २६ मेच्या ‘सॉरी डे’बद्दल, म्हणजे कुटुंबापासून हिरावल्या गेलेल्या मूळनिवासी मुलांच्या स्मरणदिनाबद्दल, शाळेत ऐकतात आणि घरी येऊन आईवडिलांना प्रश्न विचारतात. भारतातील वाचकांनाही या विषयाबद्दल साधारण तेच प्रश्न पडतात. त्यांची उत्तरे येथे जमेल तितक्या नेमकेपणाने दिली आहेत. या लेखनात काही दिवंगत अ‍ॅबोरिजिनल (ऑस्ट्रेलियातील मूळनिवासी) व्यक्तींची नावे आली आहेत. अनेक समाजांत दिवंगतांचे नाव घेणे दुःखद मानले जाते, म्हणून ऑस्ट्रेलियातील रीतीप्रमाणे ही सूचना आधीच देत आहोत.

हा इतिहास थोडक्यात कशाचा आहे?

१७८८ मध्ये सिडनीला ब्रिटिश वसाहत झाली आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत बहुतेक अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या पायाखालची जमीन गेली. जे वाचले त्यांना चर्चच्या मिशनमध्ये किंवा सरकारी वस्त्यांत आणून ठेवण्यात आले आणि त्यांच्या मुलांना वसतिगृहांत, बालगृहांत आणि गोऱ्या कुटुंबांत पाठवण्यात आले. हे सर्व ‘संरक्षण’ आणि ‘कल्याण’ या नावांनी चालले. या इतिहासातील कायदे वाचताना एक गोष्ट सतत जाणवते : मुलाचा पालक कोण, हे ठरवण्याचा अधिकार राज्याने आईवडिलांकडून काढून स्वतःकडे घेतला होता आणि पुढचे बहुतेक सारे त्यातूनच घडले.

याची सुरुवात कधी झाली?

गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांनी १८१४ च्या अखेरीस अ‍ॅबोरिजिनल मुलांसाठी निवासी संस्था जाहीर केली आणि ती १८१५ च्या आरंभी सिडनीजवळ पॅरामाटा येथे सुरू झाली. मिशनरी विल्यम शेली तिचे पहिले प्रमुख होते. मुलगा १६ वर्षांचा आणि मुलगी १४ वर्षांची होईपर्यंत आईवडिलांना आपले मूल परत नेता येणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून होता. साहजिकच पालक मुले पाठवायला तयार नसत आणि पाठवलेली मुले पळून जात. १८१९ च्या परीक्षेत संस्थेतील एका मुलीने शंभराच्या आसपास गोऱ्या विद्यार्थ्यांना मागे टाकून पहिले बक्षीस मिळवले. ती दारुग समाजातील मारिया असावी, असे मानले जाते. पुढे तिने आपल्या भावाला दिलेल्या जमिनीवर हक्क सांगणारा अर्ज गव्हर्नरकडे केला आणि ती जमीन मिळवली. संस्था १८२३ मध्ये आज ब्लॅकटाउन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात हलवण्यात आली व काही वर्षांनी बंद पडली. मूल घरापासून तोडले तरच सुधारेल ही तिच्या मुळाशी असलेली समजूत मात्र पुढे दीडशे वर्षे टिकली.

मिशन, रिझर्व्ह आणि सेटलमेंट यांत काय फरक होता?

मिशन चर्च किंवा मिशनरी मंडळ चालवत असे, रिझर्व्ह म्हणजे राखीव ठेवलेली जमीन, आणि सेटलमेंट किंवा स्टेशन म्हणजे सरकारी व्यवस्थापकाच्या ताब्यातील वस्ती. व्यवहारात या सीमा पुसट होत्या आणि लोक सरसकट सगळ्यांनाच ‘मिशन’ म्हणत, आजही म्हणतात. मध्य ऑस्ट्रेलियातील हर्मन्सबर्ग (१८७७) लुथरन लोकांचे. पश्चिमेतील न्यू नॉर्सिया (१८४७) स्पॅनिश बेनेडिक्टाइन साधूंचे. क्वीन्सलँडमधील यारबा (१८९२) अँग्लिकन लोकांचे. क्वीन्सलँडमधील पाम बेट (१९१८) आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील मूर रिव्हर (१९१८) या सरकारी वसाहती होत्या, आणि क्वीन्सलँडच्या कुठल्याही वस्तीत ‘त्रासदायक’ ठरलेल्या माणसाला पाम बेटावर हद्दपार केले जाई.

तेथे रोजचे जगणे कसे होते?

ठिकाणानुसार आणि व्यवस्थापकाच्या स्वभावानुसार फार फरक पडे, हे आधी सांगितले पाहिजे. तरी काही गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्या होत्या. शिधा म्हणून पीठ, साखर, चहा आणि कधी थोडे मांस मिळे. वस्तीबाहेर जाण्यासाठी, लग्न करण्यासाठी, नोकरी धरण्यासाठी परवानगी लागे. अनेक मिशनांत मुले पाच-सहा वर्षांची झाली की त्यांना मुलामुलींच्या वेगवेगळ्या वसतिगृहांत नेऊन ठेवत. आईवडील त्याच आवारात, हाकेच्या अंतरावर राहत असले तरी मुले रात्री कुलूपबंद इमारतीत झोपत. घरापासून हजार मैल दूर नेलेल्या मुलाची ताटातूट सर्वांना कळते. ही शंभर पावलांवरची ताटातूट मात्र आकडेवारीत सहसा येत नाही.

मजुरीचा प्रश्न वेगळा सांगावा इतका मोठा आहे. क्वीन्सलँडमध्ये १८९७ च्या कायद्यानंतर अ‍ॅबोरिजिनल कामगारांचा पगार बहुतांशी ‘प्रोटेक्टर’च्या, म्हणजे त्यांच्यावर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या हाती जाई आणि सरकारी खात्यात साठे, स्वतःचेच पैसे काढायला अर्ज करावा लागे आणि तो नाकारला जाई. जून १९५७ मध्ये पाम बेटावर याविरुद्ध संप झाला. पोलिसांनी पहाटे धाड घालून म्होरक्यांना बेड्या घातल्या आणि कुटुंबांसह बेटावरून हलवले. या दाबलेल्या मजुरीसाठी दाखल झालेल्या सामूहिक दाव्यात २०१९ मध्ये क्वीन्सलँड सरकारने १९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले.

मिशन म्हणजे फक्त कैदखानाच होता का?

असे म्हटले तर तेथे घर उभे करणाऱ्या माणसांवर अन्याय होईल. मेलबर्नजवळच्या कोरँडर्क वस्तीची हकीकत यासाठी सविस्तर सांगावी लागते. १८६३ मध्ये सायमन वोंगा आणि विल्यम बराक यांच्या नेतृत्वाखाली वुरुंजेरी आणि शेजारच्या कुलिन समाजांतील लोक डोंगर ओलांडून हील्सविल परिसरात आले व त्यांनी ही जागा स्वतः निवडली. जॉन ग्रीन या स्कॉटिश धर्मोपदेशकाने त्यांच्याशी विचारविनिमय करून कारभार चालवला. लोकांनी जंगल साफ केले, घरे बांधली, बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सची लागवड केली, आणि त्यांच्या हॉप्सना मेलबर्नच्या बाजारात उत्तम भाव मिळू लागला.

आणि तेव्हाच जमिनीवर शेजाऱ्यांचा डोळा पडला. अशा वस्त्यांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संरक्षण मंडळाने १८७४ मध्ये ग्रीन यांना पदावरून दूर केले आणि वस्ती मोडून लोकांना दुसरीकडे हलवण्याचे बेत सुरू झाले. त्यावर कोरँडर्कच्या लोकांनी जे केले ते थक्क करणारे आहे : त्यांनी अर्ज लिहिले, वर्तमानपत्रांना पत्रे पाठवली, आणि बराक व त्यांचे सहकारी सुमारे साठ किलोमीटर पायी चालत जाऊन मेलबर्नमध्ये मंत्र्यांना भेटले. १८८१ मध्ये सरकारला चौकशी नेमावी लागली आणि तिच्यापुढे अ‍ॅबोरिजिनल स्त्री-पुरुषांनी स्वतः साक्षी दिल्या. वस्ती काही काळ वाचली. मग १८८६ चा व्हिक्टोरियाचा कायदा आला. मिश्र वंशाच्या, ३४ वर्षांखालील लोकांना वस्तीत राहण्याचा हक्क उरला नाही. म्हणजे नेमके कमावते हात बाहेर गेले, म्हातारी माणसे मागे राहिली आणि नवरा-बायको, आई-मुले यांची कायद्यानेच फारकत झाली. १९२४ मध्ये कोरँडर्क बंद झाले. बराक यांचे १९०३ मध्ये निधन झाले होते. त्यांनी उतारवयात काढलेली आपल्या लोकांच्या सोहळ्यांची चित्रे आज ऑस्ट्रेलियातील मोठ्या संग्रहालयांत आहेत.

मिशनऱ्यांनी स्थानिक भाषा जपल्या की बुडवल्या?

दोन्ही घडले. अनेक वसतिगृहांत मातृभाषेत बोलले की मार मिळे. दुसरीकडे, लेक मॅक्वारी येथे लॅन्सलॉट थ्रेलकेल्ड यांनी बिराबन या अवाबाकल जाणकाराच्या मदतीने १८३४ मध्ये त्या भाषेचे व्याकरण छापले. अ‍ॅडलेडमध्ये टायशेलमन आणि शूरमन या जर्मन लुथरन मिशनऱ्यांनी १८३९ मध्ये शाळा काढून गौर्ना भाषेतून शिकवायला सुरुवात केली. ती शाळा १८४५ मध्ये सरकारने बंद केली आणि मुलांना इंग्रजी शाळेत घातले. त्या दोघांनी १८४० मध्ये छापलेला शब्दसंग्रह आज गौर्ना लोक भाषा पुन्हा उभी करण्यासाठी वापरत आहेत. त्या पुस्तकाचे श्रेय शब्द सांगणाऱ्या गौर्ना माणसांना आधी दिले पाहिजे, असे मला वाटते.

मुले नेण्याचा अधिकार कोणत्या कायद्यांनी दिला?

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा होता. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ च्या कायद्याने ‘चीफ प्रोटेक्टर’ हा १६ वर्षांखालील प्रत्येक अ‍ॅबोरिजिनल मुलाचा कायदेशीर पालक ठरला, मुलाचे आईवडील जिवंत असले तरीही. नॉर्दर्न टेरिटरीत केंद्र सरकारच्या १९११ आणि १९१८ च्या अध्यादेशांनी तोच अधिकार दिला. न्यू साउथ वेल्समध्ये १९०९ च्या कायद्याखाली मूल ‘दुर्लक्षित’ असल्याचे दंडाधिकाऱ्यापुढे दाखवावे लागे. ते संरक्षण मंडळाला अडचणीचे वाटू लागले, म्हणून १९१५ च्या दुरुस्तीने ती अटच काढून टाकली. मुलाच्या नैतिक किंवा शारीरिक हितासाठी त्याला न्यावे असे मंडळाला वाटले की पुरे. त्या दुरुस्तीवर बोलताना विधिमंडळातील एका सदस्याने हे आईवडिलांकडून मूल चोरणे आहे, असे तेव्हाच सांगितले होते. ‘त्या काळी कोणाला कळत नव्हते’ असे आज म्हणणाऱ्यांनी ती चर्चा लक्षात ठेवावी.

विशेषतः मिश्र वंशाच्या मुलांनाच का नेले जाई?

‘शुद्ध रक्ताचे’ अ‍ॅबोरिजिनल लोक हळूहळू नाहीसे होणार, असे त्या काळचे अधिकारी गृहीत धरून चालले होते. गोऱ्या बापाची, अ‍ॅबोरिजिनल आईची मुले मात्र वाढत होती, आणि त्या बापांनी बहुधा जबाबदारी झटकलेली असे. ही मुले गोऱ्या समाजात मिसळवून टाकावीत म्हणजे दोन-तीन पिढ्यांत प्रश्नच संपेल, हा विचार पश्चिम ऑस्ट्रेलियाचे अधिकारी ए. ओ. नेव्हिल यांनी उघडपणे मांडला आणि १९३७ मध्ये कॅनबेरात भरलेल्या राज्यांच्या परिषदेने त्या आशयाचा ठरावही केला. दुसऱ्या महायुद्धानंतर रक्ताची भाषा मागे पडून सामीलीकरणाची भाषा आली, तरी मुले नेणे थांबले नाही.

नेलेल्या मुलांचे पुढे काय होई?

न्यू साउथ वेल्समध्ये मुलींसाठी कूटामंड्रा (१९११ ते १९६९) आणि मुलांसाठी केंप्सीजवळचे किंचेला (१९२४ ते १९७०) ही मोठी बालगृहे होती. किंचेलात मुलांना नावाऐवजी क्रमांकाने हाक मारत. तेथून बाहेर पडलेल्या पुरुषांना म्हातारपणीही आपला क्रमांक पाठ असे. कूटामंड्राच्या मुलींना स्वयंपाक, धुणी आणि साफसफाई शिकवून चौदा-पंधराव्या वर्षी गोऱ्यांच्या घरी कामाला पाठवत. त्यांच्या हाती थोडा खाऊचा पैसा येई, उरलेली मजुरी मंडळाकडे जमा होई आणि पुष्कळांना ती कधीच मिळाली नाही. तुझे आईवडील मेले, किंवा त्यांना तू नको होतीस, असे अनेकींना सांगितले गेले. घरून आलेली पत्रे मुलांपर्यंत पोचत नसत. मारहाण आणि लैंगिक अत्याचारांच्या साक्षी पुढे झालेल्या राष्ट्रीय चौकशीत मोठ्या संख्येने आल्या. काही मुलांना दयाळू माणसे भेटली, हेही त्याच साक्षींत आहे.

परिणाम एका पिढीत संपत नाहीत. कोठडीतील अ‍ॅबोरिजिनल मृत्यूंच्या शाही आयोगाने १९९१ च्या अहवालात ९९ मृत्यू तपासले. त्यांतील ४३ जण लहानपणी कुटुंबापासून तोडले गेलेले होते.

आईवडील संमती देत होते का? त्यांनी विरोध केला का?

काही कागदांवर संमती दिसते. लहानपणी नेल्या गेलेल्या पीटर गनर यांनी पुढे सरकारवर खटला भरला आणि त्यांचा दावा फेटाळला गेला. त्या खटल्यात त्यांच्या आईच्या अंगठ्याचा ठसा असलेला अर्ज न्यायालयापुढे आला होता. ज्या बाईला इंग्रजी वाचता येत नाही तिच्या ठशाला संमती किती म्हणायचे, हा प्रश्न माझ्या मते त्या निकालाने मिटलेला नाही.

विरोध सतत होत राहिला. आया गाडी दिसली की मुलांना झुडपांत लपवत आणि उजळ मुलांच्या अंगाला कोळसा फासत. १९३१ मध्ये मूर रिव्हरमधून पळालेल्या मॉली, डेझी आणि ग्रेसी या तीन मुलींनी सशांना रोखणाऱ्या कुंपणाच्या कडेने उत्तरेची वाट धरली आणि त्यांतल्या दोघी सुमारे १,६०० किलोमीटर चालून जिगलाँगला घरी पोचल्या. फेब्रुवारी १९३९ मध्ये न्यू साउथ वेल्समधील कमराग्न्जा या सरकारी वस्तीतील दीडशेहून अधिक लोक व्यवस्थापकाच्या जाचाला कंटाळून, हक्कांसाठी लढणारे नेते जॅक पॅटन यांच्या भाषणानंतर मरे नदी ओलांडून व्हिक्टोरियात निघून गेले. मुले उचलून नेली जातील ही भीती त्यांच्या निर्णयामागच्या कारणांत होती.

गरीब गोऱ्या मुलांनाही अनाथालयांत नेत असत; मग फरक कोणता?

नेत असत, आणि त्यांचेही अतोनात हाल झाले. ब्रिटनमधून पाठवलेली मुले आणि संस्थांत वाढलेली ऑस्ट्रेलियन मुले यांची केंद्र सरकारने १६ नोव्हेंबर २००९ रोजी स्वतंत्रपणे माफी मागितली. फरक कायद्याच्या गृहीतकात आहे. गोऱ्या कुटुंबातील मूल न्यायचे तर त्याची हेळसांड झाल्याचे सामान्यतः न्यायालयापुढे मांडावे लागे. अ‍ॅबोरिजिनल मुलाच्या बाबतीत अनेक राज्यांत त्याचा वंश हाच पुरेसा आधार होता.

एकूण किती मुले नेली गेली?

मुले नेण्याबद्दलच्या राष्ट्रीय चौकशीच्या १९९७ च्या अहवालानुसार १९१० ते १९७० या काळात दर तीन ते दर दहा अ‍ॅबोरिजिनल मुलांमागे एक मूल कुटुंबापासून बळजबरीने तोडले गेले. अंदाज इतका सैल असण्याचे कारण म्हणजे नोंदी हरवल्या, जळाल्या, किंवा मुळात ठेवल्याच गेल्या नाहीत. ही चौकशी सर रोनाल्ड विल्सन आणि मिक डॉडसन यांनी चालवली आणि ५३५ अ‍ॅबोरिजिनल व टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवरच्या लोकांनी आपले अनुभव तिला सांगितले. ज्या काळात प्रेस्बिटेरियन चर्च पर्थमधील ‘सिस्टर केट्स’ हे बालगृह चालवत होते, त्याच काळात विल्सन स्वतः त्या चर्चचे तेथील प्रमुख होते. त्यांनी ते जाहीरपणे सांगितले आणि चर्चच्या वतीने झालेल्या माफीच्या बाजूने उभे राहिले. मुले नेणे हा वंशविच्छेद होता, या अहवालातील निष्कर्षावर तीव्र वाद झाले. मुले नेली गेली हे मात्र सरकारी कागदपत्रेच सांगतात.

न्यायालयात कोणाला दाद मिळाली का?

फार थोड्यांना. १९९७ मध्ये उच्चतम न्यायालयाने नॉर्दर्न टेरिटरीचा १९१८ चा अध्यादेश वैध ठरवला आणि २००० मध्ये लॉर्ना क्युबिलो व पीटर गनर यांचे दावे फेटाळले गेले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ब्रूस ट्रेव्हरो यांचा खटला वेगळा ठरला. १९५७ च्या नाताळच्या दिवशी, १३ महिन्यांच्या ब्रूसला पोट बिघडल्यामुळे वडिलांच्या सांगण्यावरून शेजाऱ्यांनी अ‍ॅडलेडच्या बाल रुग्णालयात नेले. बाळ बरे झाले आणि दोन आठवड्यांच्या आतच खात्याने ते एका गोऱ्या कुटुंबाला देऊन टाकले. आई पत्र लिहून चौकशी करत राहिली. मुलाची प्रगती चांगली आहे पण डॉक्टरांच्या मते तो अजून घरी पाठवण्याजोगा नाही, असे उत्तर तिला महिन्यांनंतर पाठवण्यात आले. तोवर मूल रुग्णालयात नव्हतेच. ब्रूस आईला पुन्हा भेटले तेव्हा दहा वर्षांचे होत आले होते. वडील तोवर वारले होते. अशी मुले नेण्याचा अधिकार मंडळाला नाही, हा सरकारी वकिलांचा सल्ला आधीच दप्तरी होता, हे खटल्यात निर्णायक ठरले. १ ऑगस्ट २००७ रोजी न्यायमूर्ती ग्रे यांनी त्यांना ५,२५,००० डॉलर भरपाई मंजूर केली. पुढच्याच वर्षी, ५१ व्या वर्षी, ब्रूस वारले.

माफी आणि भरपाई यांचे काय झाले?

१९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने संसदेत खेद व्यक्त केला, पण माफी मागण्यास नकार दिला. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली; त्या माफीसोबत भरपाई नव्हती. भरपाई राज्याराज्याने वेगवेगळ्या वेळी दिली : टास्मानियाने २००६ मध्ये, पुढे दक्षिण ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरियाने, आणि केंद्राने आपल्या प्रदेशांसाठी २०२१ मध्ये योजना जाहीर केली. पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०२५ पर्यंत वाट पाहायला लावली. हयात माणसे पन्नाशीच्या पुढची आणि बरीच त्याहून वृद्ध आहेत. त्यामुळे प्रत्येक वर्षाच्या विलंबाचा अर्थ काही अर्जदार न उरणे असाच झाला.

आज ही पद्धत संपली आहे का?

ते कायदे गेले. १९८० च्या दशकापासून असा नियम आला की अ‍ॅबोरिजिनल मुलाला घराबाहेर ठेवणे भागच असेल तर आधी नातेवाईक, मग स्वतःचा समाज, मग दुसरे अ‍ॅबोरिजिनल कुटुंब, या क्रमाने विचार करावा. तरीही देशातील मुलांत मूळनिवासी मुलांचे प्रमाण सुमारे सहा टक्के असताना घराबाहेरच्या सरकारी देखभालीतील मुलांत ते चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. हे प्रमाणाबाहेरचे ओझे २०३१ पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. गरिबी, घरांची टंचाई आणि घरगुती हिंसा ही कारणे दिली जातात व ती खरी आहेत. पण ज्या आजीला स्वतःला लहानपणी नेले गेले ती मदतीसाठी त्याच खात्याचे दार ठोठावायला कचरते, हेही तितकेच खरे आहे.

महाराष्ट्रातील ‘सेटलमेंट’ आणि या वस्त्या यांची तुलना योग्य आहे का?

मर्यादित अर्थाने योग्य आहे. ब्रिटिश अमलातच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि पुढे पारधी, कैकाडी, टकारी अशा समाजांना सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंटमध्ये हजेरीवर ठेवण्यात आले. १९११ च्या कायद्यात मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून औद्योगिक शाळांत ठेवण्याची तरतूदही होती. मात्र तेथे आधार जन्मजात गुन्हेगारीच्या आरोपाचा होता आणि समाज नाहीसा करण्याचा उद्देश ऑस्ट्रेलियासारखा मांडला गेला नव्हता. भारतात तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. न्यू साउथ वेल्समध्ये संरक्षण मंडळाच्या जागी आलेले कल्याण मंडळ १९६९ मध्ये बरखास्त झाले.

हिरावलेली माणसे आपले कुटुंब कसे शोधतात?

नाव बदललेले, जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली, अशा स्थितीत शोध फार अवघड असतो. १९८० मध्ये कोरल एडवर्ड्स आणि इतिहासकार पीटर रीड यांनी सुरू केलेली ‘लिंक-अप’ ही संस्था कागद शोधून देते आणि पहिल्या भेटीला माणसासोबत जाते. कॅनबेरातील मूळनिवासी अभ्यास संस्था कौटुंबिक इतिहासासाठी मदत करते. मानववंशशास्त्रज्ञ नॉर्मन टिंडेल यांनी १९३८-३९ मध्ये मिशन आणि वस्त्यांत फिरून वंशावळी लिहिल्या व लोकांची छायाचित्रे घेतली. ती वंशाच्या शास्त्रासाठी, माणसांना नमुन्यांप्रमाणे मोजत गोळा केली होती. आता दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयातील तोच संग्रह नातवंडे-पतवंडे मागवतात, आणि अनेकांना आपल्या पणजीचा चेहरा पहिल्यांदा तेथेच दिसतो.